'ग्रीन स्नेक' (१९९३): वासनेचं बिल शेवटी कोण भरतं?

मिथिला_के

मंडळी, हाँगकाँगच्या त्सुई हार्कचा 'ग्रीन स्नेक' किती जणांनी पाहिलाय? शृंगारिक सिनेमा म्हणून त्याचं नाव घेतात, आणि तो तसा आहेही. पण मला त्यात सारखा एक हिशोब चाललेला दिसतो आणि तो काही केल्या जुळत नाही. म्हणून हा धागा.

न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. (शेवट फोडणार आहे. ज्यांना पाहायचाय त्यांनी इथूनच मागे फिरा.) काळ सुंग राजवटीचा, गाव हांगझोउ. हजार वर्षं तप केलेली पांढरी नागीण आणि पाचशे वर्षांची हिरवी, दोघी बाईचं रूप घेऊन गावात राहायला येतात. पांढरीला संसार हवाय. ती शू श्यान नावाचा एक भिडस्त मास्तर गाठते. हिरवीला नेमकं काय हवंय ते तिचं तिलाही ठाऊक नाही, म्हणून ती थोरलीकडे बघून शिकते. आधी चालणं शिकते, मग मुरकणं, आणि मग थोरलीच्या नवऱ्यावरच प्रयोग करून बघते. तिसरीकडे फाहाय हा तरुण, ताकदवान भिक्षू. माणूस, पशू, भूत, देव यांनी आपापली पायरी ओलांडायची नाही, असा त्याचा खाक्या.

मध्यावर तो प्रसिद्ध पाण्यातला प्रसंग आहे. फाहाय हिरवीला म्हणतो, माझी साधना मोडून दाखव, मी टिकलो तर तुला सोडतो. टिकत नाही. आणि मग जे सूड घेणं सुरू होतं ते जिनशान मंदिराच्या महापुरापर्यंत जातं.

माझं म्हणणं असं, की सगळ्यात जास्त नासधूस करतो तो ज्याला स्वतःची इच्छा कबूल करता येत नाही तो. चूक फाहायची, आणि पावती फाटते पांढरीच्या, शू श्यानच्या आणि देवळातल्या बिचाऱ्या भिक्षूंच्या नावावर. स्वतः फाहाय जिवंत राहतो. पटतंय का?

तिरकस

पहिला!

धागा नागपंचमीला काढायला हवा होतात, ताई. टीआरपी वाया घालवलात.

ढवळ्या

हा तोच का, ज्याची सीडी आमच्या हॉस्टेलवर उशीखालून उशीखाली फिरायची? एका मित्रासाठी विचारतोय.

सिंगापुरी

@ढवळ्या, मित्राला सांगा, त्याला आठवतोय तो बहुधा 'सेक्स अँड झेन', १९९१ चा. हाँगकाँगमध्ये १९८८ साली 'कॅटेगरी थ्री' हा फक्त प्रौढांसाठीचा वर्ग आला आणि त्यानंतर तसल्या सिनेमांची रांग लागली. त्यातला तो सगळ्यात गाजलेला. मूळ कादंबरी सतराव्या शतकातली, 'रोउ पुतुआन' नावाची, ली यू या लेखकाच्या नावावर सांगतात. २०११ मध्ये त्याची थ्रीडी आवृत्ती निघाली आणि हाँगकाँगमध्ये पहिल्या दिवसाच्या कमाईत तिनं 'अवतार'ला मागे टाकलं. चीनच्या मुख्य भूमीवर तो दाखवणं शक्यच नव्हतं, तर तिकडून लोक खास तो बघायला हाँगकाँगला येत होते.

धाग्याच्या विषयाला धरूनच बोलतोय, अवांतर नाही. तिथेही वासनेची किंमत आहे, पण ती कीर्तनातल्यासारखी. नायक बायको सोडून बाहेर उंडारतो, चक्क घोड्याचा अवयव बसवून घेतो (हो, खरंच), आणि इकडे बायको वेश्यागृहात पोचते. शेवटी पश्चात्ताप. दीड तास सगळं चवीनं दाखवायचं आणि शेवटच्या दहा मिनिटांत कानाला खडा. 'ग्रीन स्नेक'मध्ये हा ढोंगीपणा नाही. तिथे कुणी पश्चात्ताप करत बसत नाही. हिरवी तर मुळीच नाही.

ढवळ्या

घोड्याचा??? मित्र आता वेगळ्याच कारणासाठी शोधतोय.

नीलकांत_ब

मिथिलाताई, पूर्ण असहमत. फाहायला तुम्ही फार स्वस्तात खलनायक करून टाकलंत.

सुरुवात आठवा. तो एका म्हाताऱ्या साधूला पकडतो, कारण तो मुळात कोळी आहे. तपश्चर्या करणारा, कुणाला त्रास न देणारा कोळी. त्याला डांबल्यावर फाहायच्याच मनात पाल चुकचुकते. लगेच पुढे पाऊस, बांबूचं बन आणि उघड्यावर बाळंत होणारी बाई. तिच्या देहाकडे त्याची नजर जाते आणि आयुष्यात पहिल्यांदा तो गडबडतो. त्याच बाईवर पाऊस पडू नये म्हणून दोन नागिणी आडोसा धरून आहेत, हेही तो बघतो. आणि त्यांना सोडून देतो! म्हणजे नियम मोडायची बुद्धी त्याला आधीच झालेली आहे. फाहाय झालेला झाओ वेनझुओ तेव्हा विशी-एकविशीचा होता. वुशू ही चिनी युद्धकला खेळणारा पोरगा, चेहऱ्यावर अजून बाळसं. दिग्दर्शकानं मुद्दाम असा कोवळा फाहाय घेतलाय. जुन्या रंगभूमीवर फाहाय वयस्कर असतो. इथे तो फक्त तरुण आहे, आणि ज्याला कुणी कधी 'तुलाही भूक लागणारच' असं सांगितलं नाही असा तरुण.

तो जिवंत राहतो म्हणून त्यानं काही मोजलं नाही, हे कसं? शेवटी हातात पांढरीचं तान्हं बाळ घेऊन तो पाण्यात उभा आहे. मठ गेला. ज्या विश्वासावर जगत होता तो गेला. मेला असता तर सुटला असता.

मिथिला_के

@नीलकांत_ब, प्रतिसाद आवडला, पण एक सांगा: त्याचा विश्वास जायला इतकी माणसं बुडायची गरज होती का? हरल्यावर 'हरलो' म्हणून बसला असता तळ्याकाठी, तर सिनेमा तिथेच संपला असता.

तिरकस

आणि आपण सगळे पाऊण तास आधी जेवायला बसलो असतो.

काढेवाले_वैद्य

मला या गोष्टीत वेगळ्याच ठिकाणी रस आहे. त्यांच्या पाचव्या महिन्यातल्या पंचमीचा सण असतो, ड्रॅगन बोटींचा. त्या दिवशी 'श्योंगह्वांग' घातलेलं मद्य प्यायची जुनी चाल होती, कारण त्यानं साप, विंचू, रोगराई पळते अशी समजूत. पांढरी नागीण नवऱ्याच्या आग्रहाखातर ते पिते आणि तिचं खरं रूप उघडं पडतं, ही मूळ लोककथेतली सगळ्यात प्रसिद्ध घटना.

हे श्योंगह्वांग म्हणजे आपली मनशीळ. आर्सेनिक आणि गंधकाचं लालसर खनिज. आयुर्वेदातही आहे, पण आल्याच्या रसात भावना देऊन (म्हणजे घोटून) शुद्ध केल्याशिवाय आम्ही हात लावत नाही. तापवली की तिच्यातून सोमल बाहेर पडतो, म्हणजे सरळ विष. चीनमध्येही आता पीत नाहीत फारसं. लहान मुलांच्या कपाळाला त्याचा टिळा लावायची पद्धत होती, तीही मागे पडत चालली.

विषयाकडे वळतो. नवऱ्यानं प्रेमानं पेला पुढे केलाय आणि त्यात विष आहे. ते तिला कळतंय आणि तरी ती पिते. मला तरी किंमत मोजण्याचा याहून चोख प्रसंग दुसरा दिसत नाही. ते पाण्यातलं नंतर.

शिराळकर

आमच्याकडे साप पळवायला कुणाला दारू प्यावी लागत नाही. पिणाराच पळतो.

(बत्तीस शिराळ्याचा आहे, त्यामुळे या धाग्यावर मला राखीव जागा मिळावी ही विनंती.)

अनुस्वार

वाचतोय. वैद्यबुवा, मस्त माहिती.

थोडं कथेच्या जन्माबद्दल लिहितो, कारण 'बिल कोण भरतं' याचं उत्तर चिनी लोकांनी शतकागणिक बदललेलं आहे.

छापील स्वरूपात ही गोष्ट नीट सापडते ती फंग मंगलाँगच्या १६२४ च्या संग्रहात. तिथला नवरा बघा: भिक्षूनं दिलेलं भिक्षापात्र तो स्वतःच्या हातानं बायकोच्या डोक्यावर दाबतो, तिला कोंडतो, वर मनोरा बांधायला वर्गणी गोळा करतो आणि मग संन्यास घेतो. म्हणजे मौज याची आणि तुरुंगवास तिचा. आणि गंमत म्हणजे तिथली 'हिरवी' नागीण नाहीच, ती तळ्यातली एक मासोळी आहे! पुढे अठराव्या शतकात नाटकवाल्यांनी, विशेषतः १७७१ च्या फांग चंगपेईच्या नाटकानं, पांढरीला सोशिक पत्नी केलं, आई केलं, प्रेक्षकांची सहानुभूती तिच्याकडे वळवली. सिचुआनच्या ऑपेरात तर हिरवी मुळात पुरुष आहे. पांढरीशी लढाईत हरतो आणि बाई होऊन तिची दासी बनतो.

ली बिहुआ या हाँगकाँगच्या लेखिकेनं १९८६ मध्ये काय केलं, तर ही कथा हिरवीच्या तोंडून सांगितली. सिनेमा त्या कादंबरीवर आहे आणि पटकथेतही तिचा हात आहे. (हीच बाई 'फेअरवेल माय काँक्युबाइन'ची. त्या सिनेमाला १९९३ मध्येच कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. काय वर्ष गेलं असेल तिचं!) कादंबरीतली हिरवी फंग मंगलाँगवर चिडलेली आहे, आमची गोष्ट धड लिहिली नाही म्हणून.

तेव्हा धागाकर्तीला माझं उत्तर: १६२४ मध्ये बिल नागिणीनं भरलं, कारण ती बाई होती. १९९३ मध्ये दिग्दर्शक पहिल्यांदा नवऱ्यालाही बिल दाखवतो.

एक_पाकळी

@अनुस्वार, शेवटचं वाक्य वाचून टाळी दिली. कारण शू श्यानबद्दल इथे कुणी बोलतच नाहीये, आणि खरा नमुना तोच आहे.

फाहाय निदान झगडतो. शू श्यानला सगळंच हवंय. पांढरी हवीय, आणि ती नसताना हिरवी समोर आली की तीही चालते. बायको नागीण आहे हे कळल्यावरही घरात राहायचं, कारण सोय आहे. संकट आलं की डोकं भादरून भिक्षूंच्या रांगेत बसायचं. अशी माणसं प्रत्येक बिल्डिंगमध्ये आहेत, फक्त त्यांच्या बायका हजार वर्षं तप केलेल्या नसतात. हिरवी शेवटी त्याच्यावर तलवार चालवते तेव्हा मला जराही वाईट वाटलं नव्हतं. तो राग स्वतःच्या वाट्याचा नाहीये, थोरलीच्या वाट्याचा आहे.

आणि हिरवी झालेली मॅगी च्युंग! आदल्याच वर्षी तिला बर्लिनला अभिनेत्रीचं रौप्य अस्वल मिळालं होतं, आणि इथे ती बिनधास्त सरपटते, भिंतीवरून लोळते, माशी दिसली की जीभ बाहेर काढेल अशी मान वळवते. पांढरी झालेल्या जोई वाँगला सगळे सुंदर म्हणतात, ती आहेच, पण शृंगार म्हणाल तर तो मॅगीच्या पाठीच्या कण्यात आहे. उघडं अंग जवळपास नाहीच. ओली वस्त्रं, धूर, झिरझिरीत पडदे आणि दोन बहिणींमधली ती बिलगण्याची पद्धत, एवढ्यावर दिग्दर्शकानं काम भागवलंय.

बंड्या_नाशिककर

काम भागवलंय म्हणजे पैसे पण वाचवलेत. ते रबरी साप बघितले का कुणी? आमच्या गणेश मंडळाचा चलतदेखावा यापेक्षा बरा असतो. पुराच्या वेळचं ते देऊळ तर सरळ सरळ मॉडेल दिसतं. एवढ्या गहन चर्चेत हे बोलणं पाप असेल तर असो.

नीलकांत_ब

पाप नाही, पण त्सुई हार्कनं दहा वर्षं आधी 'झू' करून हाँगकाँगच्या सिनेमात चमत्कारदृश्यांची लाट आणली होती. संगणकपूर्व काळ आहे, बंडोपंत. दोऱ्या, धूर आणि पाणी यांवर सगळं चालायचं. मला तर तो खोटेपणाच आवडतो. ऑपेराच्या पडद्यासारखं वाटतं. शू श्यान झालेला वू शिंग-कुओ मुळात तैवानमधला पेकिंग ऑपेराचाच नट आहे. त्याचं चालणं, बाह्या सावरणं बघा, म्हणजे कळेल.

गोदाकाठ

आणि भारतीय नाच कुणाच्याच लक्षात नाही आला?! सुरुवातीलाच हिरवी छपरावरून थेट नाचगाण्याच्या बैठकीत उतरते आणि तिथे भारतीय वेषातली नर्तकी नाचत असते. दोघी मिळून जे काही करतात ते बघून मी स्क्रीन थांबवून परत मागे नेला होता. त्यातल्या एका गाण्याचं नावच 'महोरग' आहे, बौद्ध परंपरेत देव, नाग, यक्ष, गंधर्वांच्या यादीत येणारे ते सर्पदेह जीव. म्हणजे नागीण ही कल्पना आपल्याकडून तिकडे चालत गेली असं दिग्दर्शक सुचवतोय की काय, कोण जाणे. निदान बौद्ध धर्माबरोबर गेलेलं सामान तो विसरलेला नाही.

आपल्याकडची तुलना करायची तर 'नगीना' (१९८६) घ्या. नवरा, नागीण बायको, आणि दोघांमध्ये फूट पाडायला आलेला भगवा साधू. सांगाडा जवळपास तोच! पण अमरीश पुरीला तिथे नागमणी हवाय. श्रीदेवीबद्दल त्याला काही वाटतंय असं दाखवायची हिंमत आपल्या सिनेमात नव्हती. फाहायला मणी नकोय, हाच मोठा फरक.

तिरकस

'मैं तेरी दुश्मन' डोक्यात सुरू झालं. संध्याकाळपर्यंत जाणार नाही. धन्यवाद, गोदाकाठ.

अनुस्वार

@गोदाकाठ, मला तुलनेला 'नगीना'पेक्षा मेनका बरी वाटते. तपोभंग तोच, पाणी-पाऊस-वारा तोच. पण विश्वामित्राचं काय बिघडलं? पुन्हा तपाला बसला आणि ब्रह्मर्षी झाला. मेनका स्वर्गात परत. तिथलं बिल शकुंतलेनं भरलं, जन्मल्या दिवसापासून.

इथे शेवटी फाहायच्या हातात बाळ आहे, हे नीलकांतनी वर लिहिलंय. चीनमध्ये कण्वाचं काम त्याच्यावरच येऊन पडतं.

मिथिला_के

हे शकुंतलेचं डोक्यातच आलं नव्हतं. त्या बाळाचा विचार मी फक्त फाहायची शिक्षा म्हणून करत होते. बाळाच्या बाजूनं बघितलं तर आई ढिगाऱ्याखाली, बाप मावशीनं मारलेला, आणि सांभाळणारा जो आहे त्याच्यामुळेच हे सगळं झालेलं. यावर दुसरा सिनेमा होईल.

इवूवाला

नमस्कार, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. कामामुळे चीनमध्ये इवूत असतो, हांगझोउ तिथून जवळ. आपली पुष्कळ मंडळी व्यापारासाठी इकडे असतात, सुट्टीच्या दिवशी पश्चिम सरोवराकडे एक चक्कर ठरलेली.

ज्या मनोऱ्याखाली पांढरीला कोंडलं म्हणतात, तो लेइफंग पॅगोडा खरा आहे. मूळचा ९७५ च्या सुमाराचा, वूयुए राज्याच्या छ्यान चू राजानं बांधलेला. मिंग काळात आगीत लाकडी भाग जळाला, उरला विटांचा गाभा. आणि मग लोकांनी काय करावं? त्या विटा औषधी आहेत, घरात ठेवल्या की भरभराट होते, अशा समजुतीनं एकेक वीट पळवायला सुरुवात केली. पाया पोखरत गेला आणि २५ सप्टेंबर १९२४ ला अख्खा मनोरा कोसळला. त्यातल्या काही विटा पोकळ होत्या, आत बौद्ध सूत्रांच्या छापील गुंडाळ्या. आताचा मनोरा २००२ चा. वर जायला सरकते जिने, आत लिफ्ट, आणि तळाशी काचेमागे जुन्या पायाचा ढिगारा. सरोवरावर ज्या पुलापाशी छत्रीवरून पांढरी आणि शू श्यानची ओळख झाली म्हणतात, तिथे कायम जोडप्यांचे फोटो चाललेले. संन्याशाच्या बाजूनं फोटो काढणारा अजून तरी कुणी दिसला नाही.

आता फाहायबद्दल, मिथिलाताईंच्या प्रश्नाला. मनोरा पडला त्याच वर्षी लू शुन या चिनी लेखकानं त्यावर लेख लिहिला. त्याला आनंद झाला होता, लहानपणी आजीकडून गोष्ट ऐकल्यापासून तो मनोरा पडण्याची वाट बघत होता. त्यात त्यानं एक लोककथा सांगितलीय: देवांच्या राजाला फाहायची लुडबुड आवडली नाही, त्यानं पकडायला माणसं धाडली, तर हा पळत पळत शेवटी खेकड्याच्या कवचात जाऊन लपला. अजून बाहेर आलेला नाही. शरदात खेकडे खाताना कवच उघडून आतला पडदा उलटा केला, की बसलेल्या भिक्षूसारखा आकार दिसतो. पोरांना तो दाखवतात, हा बघा फाहाय म्हणून.

तेव्हा फाहाय सुटला असं लोकांनी मानलेलं नाही. सिनेमात सुटला असेल.

मालवणी_मसाला

थांबा. म्हणजे आम्ही इतकी वर्षं कुर्ल्या फोडून भिक्षू खातोय?

शिराळकर

आणि वर सोलकढी पिताय. नरकात वेगळी रांग आहे तुमची.

नीलकांत_ब

@इवूवाला, खेकड्याची गोष्ट ऐकली नव्हती, दंडवत. पण माझं मत बदललं नाही, उलट घट्ट झालं. लोकांना फाहायला हास्यास्पद करावंसं वाटलं, कारण तो मनोरा त्यांच्या सुनांच्या, लेकींच्या डोक्यावर होता. ते समजू शकतो. दिग्दर्शकाला मात्र त्याची कीव आली. इच्छा नाकारणाऱ्याला हसणं सोपं आहे. त्याच्या जागी वयाच्या विसाव्या वर्षी स्वतःला उभं करून बघणं अवघड.

एक_पाकळी

कीव करा की, पण त्याच्याकडे पर्याय होता, नीलकांत. हिरवीकडे नव्हता. ती शिकायला आली होती. माणसं प्रेम करतात म्हणजे काय करतात, हे बघायला. समोर नमुने कोण? एक नवरा जो दोघींना झुलवतो, एक संन्यासी जो हरला की मारायला उठतो, आणि एक बहीण जी दोघांसाठीही मरते. नागिणीला अश्रू नसतात असं त्या गोष्टीत आहे, ती रडायलाही थोरलीकडूनच शिकते. शिकून काय मिळवलं? शेवटी ती निघून जाते, कारण प्रेमाचा अर्थ माणसांनाच धड सांगता येत नाही अशी तिची खात्री झालेली असते. आणि ती बरोबर आहे.

म्हणून मिथिला, तुझ्या हिशोबात मी एक ओळ वाढवते. बिल भरलं सगळ्यांनीच, कमीजास्त. पण हॉटेलात पुन्हा पाऊल टाकायचं नाही, असं ठरवणारी हिरवी एकटीच.

मिथिला_के

पाकळे, हे मान्य. पण 'पुन्हा येणार नाही' असं ती ठाम म्हणते का? मला तरी दार किंचित उघडं ठेवल्यासारखं वाटलं. तुम्हाला कळलं की मग बघू, असा सूर आहे तिचा. आज रात्री शेवट परत बघते आणि लिहिते.

ढवळ्या

एवढं वाचून बघायचं ठरवलंय. एकच अडचण, हॉलमध्ये सासूबाई असतात. त्यांच्यासमोर चालेल का? ऐतिहासिक आहे, धार्मिक आहे, असं सांगून?

तिरकस

नागांची पौराणिक गोष्ट आहे म्हणून सांगा. पहिली वीस मिनिटं त्या हात जोडून बघतील.

काढेवाले_वैद्य

आणि एकविसाव्या मिनिटाला तुमची मनशीळ शोधायला लागतील.

सिंगापुरी

इअरफोन लावा, मोबाइलवर बघा, आणि इंग्रजी सबटायटल असलेली प्रत शोधा. मी पहिल्यांदा पाहिली तिच्यात सबटायटल निम्मी गायब होती, तरी सगळं कळलं.